तज्ज्ञांची तारीख येईपर्यंत दुखणं सोसायचं का?



"डॉक्टर, मुंबईची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी मिळाली आहे. तोवर हिच्या दुखण्याचं काय करायचं?" हा प्रश्न माझ्या दवाखान्यात दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. विचारणारा बहुतेक वेळा रुग्ण नसतो, त्याचा जोडीदार असतो. रुग्ण शेजारच्या खुर्चीत बसून म्हणत असतो, "होतंय सहन. उगाच डॉक्टरांना त्रास नको."

आजच्या लेखाचा मुद्दा सुरुवातीलाच सांगतो. तपासण्या, बायोप्सी, नेमकं निदान यांना वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो. वेदना कमी करण्याचं काम मात्र त्या तारखेसाठी थांबायची गरज नसते. ते आज सुरू होऊ शकतं. फक्त ते कुणीतरी मागावं लागतं, आणि नीट मागावं लागतं. हे काम घरातला जोडीदार सगळ्यात चांगलं करू शकतो.

हा विषय मी डॉक्टर म्हणून अनेक वर्षं पाहिला आहे. दोन वर्षांपूर्वी रुग्णाचा नवरा म्हणूनही पाहिला. माझ्या पत्नीने हा लेख वाचला आहे आणि तिच्या परवानगीनेच तो इथे देतो आहे.

रुग्ण खरं का सांगत नाही?

तिला पूर्वी स्तनाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन सगळं पार पडलं. पुन्हा शाळेत रुजू झाली, निवृत्त झाली. सात वर्षं चांगली गेली. मग दिवाळीनंतर डावा खुबा दुखायला लागला. एक्स-रे झाला, एमआरआय झाला. खुब्याच्या आणि मांडीच्या हाडात डाग दिसले. जुना आजार हाडांत परतल्याची दाट शक्यता होती. आधीचे उपचार जिथे झाले त्या मुंबईच्या रुग्णालयात रिपोर्ट पाठवले. तारीख मिळाली १९ दिवसांनंतरची.

एवढ्या मोठ्या आजारात १९ दिवस म्हणजे फार वाटतात. पण मोठ्या कर्करोग रुग्णालयांवरचा भार पाहता ही तारीख काही अजब नव्हती. अडचण दुसरीच होती. ज्या रुग्णालयात एमआरआय झाला, त्यांच्या कागदावर वेदनेसाठी एकच ओळ होती : दुखल्यास एक गोळी.

फोनवर कुणी विचारलं की ती सांगायची, "बरं आहे, थोडं दुखतंय." घरात मला वेगळंच दिसत होतं. ती पलंगावर झोपायची बंद झाली होती. हॉलमधल्या खुर्चीत पाठीला उशी लावून रात्र काढायची. संध्याकाळी सातनंतर पाणी पीत नव्हती. का, म्हणून विचारलं तर कळलं, की रात्री उठून संडासापर्यंत चालत जावं लागू नये म्हणून.

"मग सांगत का नाहीस?" असं विचारल्यावर तिने जे उत्तर दिलं ते मी आता प्रत्येक रुग्णाच्या नवऱ्याला आणि बायकोला सांगतो. ती म्हणाली, "सांगितलं की तुमचा चेहरा उतरतो. मग मला दोन दुखणी सांभाळावी लागतात."

आपल्याकडे सोशिक माणसाचं फार कौतुक असतं. 'तोंडातून हू की चू केलं नाही' ही शाबासकी असते. त्यामुळे रुग्ण वेदना लपवतात. त्याची आणखीही कारणं असतात :

- दुखणं वाढलं म्हणजे आजार वाढला, ही भीती. न बोललं तर तो वाढलेला नाही असं मनाला वाटत राहतं.
- तक्रार केली तर डॉक्टर चिडतील किंवा मुख्य उपचारावरून त्यांचं लक्ष उडेल असं वाटणं.
- 'आत्ताच जोराची गोळी घेतली तर पुढे काय उरणार?' हा हिशोब.
- औषधांची सवय लागेल ही धास्ती.
- घरच्यांना खर्च आणि धावपळ नको, ही माया.

तुमच्या जोडीदाराच्या मनात यातलं कोणतं कारण आहे ते शांतपणे विचारा. "दुखतंय का?" या प्रश्नाला "नाही" हे उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी "रात्री किती वेळा जाग आली?", "आज कोणती गोष्ट करायची टाळलीस?" असं विचारा. खरं उत्तर मिळण्याची शक्यता जास्त असते.

दुखणं किती, आणि कसलं?

रक्तदाबाला यंत्र आहे, साखरेला पट्टी आहे. वेदनेला असं काही नाही. रुग्ण जे सांगतो तेच तिचं माप. २०२० मध्ये वेदनेच्या अभ्यासासाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वेदनेची सुधारित व्याख्या दिली. त्यात स्पष्ट नोंदवलं आहे की एखादी व्यक्ती वेदना होत असल्याचं सांगते, तेव्हा त्या सांगण्याचा मान राखला गेला पाहिजे. म्हणजे 'एवढं काही दुखत नसेल' हे ठरवण्याचा अधिकार बाहेरच्या माणसाला नाही.

डॉक्टर ० ते १० असा आकडा विचारतात. शून्य म्हणजे दुखणं नाही आणि दहा म्हणजे कल्पना करता येईल तितकं असह्य. काही जणांना हे आकडे जमत नाहीत. माझ्याकडच्या वयस्कर रुग्णांना मी विचारतो, "रुपयातले किती आणे दुखतंय?" 'चार आणे', 'बारा आणे', 'आज तर सोळा आणे' अशी उत्तरं लगेच येतात. कोणतंही माप चालेल, पण रोज तेच वापरा.

आकड्याबरोबर कामंही लिहा. झोप किती तास झाली, कूस बदलता येते का, आंघोळीला आधार लागतो का, दोन घास बसून खाता येतात का. 'दुखणं ७' यापेक्षा 'तीन रात्री खुर्चीत बसून काढल्या' हे वाक्य डॉक्टरांना जास्त सांगून जातं.

दुसरी गोष्ट दुखण्याच्या जातीची. यासाठी मराठीत इतके नेमके शब्द आहेत की डॉक्टरांनीही ते जपून वापरायला हवेत. रुग्ण जो शब्द वापरेल तोच लिहून घ्या, त्याचं 'पेन' करून टाकू नका.

- ठणका, खोल दुखणं, वजन पडलं की वाढणारं : हाडाचं दुखणं बहुतेक असं असतं.
- आग, भगभग, मुंग्या, चमक, करंट बसल्यासारखं : नस दबली किंवा तिला इजा झाली की असे शब्द येतात. यावर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या पुरेशा पडत नाहीत. ॲमिट्रिप्टिलीन, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन अशी वेगळी औषधं लागतात.
- कळ येते-जाते, मुरडा, पिळवटल्यासारखं : आतडं, मूत्रनलिका अशा पोकळ अवयवांचं दुखणं असं असू शकतं. त्याचाही उपाय वेगळा.

माझी पत्नी म्हणायची, "बसल्यावर ठणकतं आणि पाय टाकला की मांडीतून चमक निघते." या एका वाक्यात हाड आणि नस दोन्ही आहेत. हे वाक्य जसंच्या तसं पोचलं तर औषधाची निवड बदलू शकते.

एका पानाचा कागद

मी तीन दिवसांची नोंद एका पानावर लिहिली. तुम्हीही लिहा. त्यात एवढंच हवं :

१. आजार काय आहे किंवा कशाची शंका आहे, तज्ज्ञांची तारीख कोणती.
२. दुखणं कुठे, कसलं (रुग्णाच्या शब्दांत), कशाने वाढतं, कशाने थांबतं.
३. दिवसातलं सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त दुखणं, आकड्यात.
४. दुखण्यामुळे बंद झालेल्या गोष्टी.
५. कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, किती वाजता घेतली, किती वेळाने आराम पडला, तो किती तास टिकला.
६. इतर आजार आणि औषधं. मधुमेह, किडनी, दमा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, ॲसिडिटी किंवा अल्सर हे नक्की लिहा.
७. शौचाला होतं का, उलटी-मळमळ आहे का.

पाचव्या मुद्द्याकडे जास्त लक्ष द्या. आमच्या कागदावर ते असं दिसत होतं : 'रात्री ९ ला गोळी. १० ला दुखणं ७ वरून ५. रात्री १ वाजता परत ८. सकाळपर्यंत दुसरी गोळी घेतली नाही.' गोळीचा परिणाम होतो पण तो अपुरा आहे आणि तीन-चार तासांत संपतो, हे यावरून कुणालाही कळतं. आता 'गोळी लागू पडत नाही' अशा मोघम तक्रारीच्या जागी डॉक्टरांच्या हातात काम करण्याजोगी माहिती येते.

वकिली म्हणजे भांडण नव्हे

"तुम्ही स्वतः डॉक्टर, मग तुम्हीच का नाही औषध दिलंत?" असं मला काही जणांनी विचारलं. घरच्या माणसावर मोठ्या आजारात स्वतः उपचार करू नयेत, असा वैद्यकातला जुना आणि शहाणपणाचा संकेत आहे. माया आली की मोजमाप बिघडतं. शिवाय जे औषध लागणार होतं ते माझ्या दवाखान्यात ठेवता येत नाही. त्यामुळे मी इतरांसारखाच फोन लावत बसलो.

पहिल्या फोनवर उत्तर मिळालं, "बायोप्सी होऊ द्या, मग बघू." त्यावर आवाज चढवायची गरज नव्हती. मी कागद वाचून दाखवला आणि तीन प्रश्न विचारले. ते तुम्हालाही उपयोगी पडतील :

- "निदान व्हायला वेळ लागेल हे आम्हाला मान्य आहे. पण या १९ दिवसांत वेदना कमी करण्याची जबाबदारी कोणत्या डॉक्टरांची आहे?"
- "दुखल्यावर गोळी घेण्याऐवजी ठरलेल्या वेळांना औषध देता येईल का? आणि मधेच दुखणं उसळलं तर काय घ्यायचं?"
- "तुमच्याकडे हे होत नसेल, तर पेन क्लिनिक किंवा पॅलिएटिव्ह केअर विभागासाठी चिठ्ठी द्याल का?"

पहिल्या प्रश्नाने सगळ्यात जास्त काम होतं. मोठ्या आजारात रुग्ण अनेक डॉक्टरांच्या मधे असतो. सर्जनला वाटतं फिजिशियन पाहत असतील, फिजिशियनना वाटतं कॅन्सरवाले पाहतील. वेदना कुणाच्याच यादीत नसते. 'हे कोण पाहणार?' असं विचारलं की बहुतेक वेळा कुणीतरी ती जबाबदारी घेतं.

दुसरा फोन एका वरिष्ठ डॉक्टरांनी घेतला. त्यांनी कागद व्हॉट्सॲपवर मागवला आणि त्याच दिवशी पुण्यातल्या एका पॅलिएटिव्ह केअर विभागासाठी चिठ्ठी पाठवली. तारखेला तेव्हा १४ दिवस बाकी होते.

'पॅलिएटिव्ह' हा शब्द ऐकून आमच्या घरातही क्षणभर शांतता पसरली. हा शब्द म्हणजे शेवट, असा आपल्याकडे समज आहे. खरं तर त्याचा अर्थ आजारामुळे होणारा त्रास हलका करणं इतकाच आहे. तो उपचार मुख्य उपचारांच्या बरोबरीने, अगदी निदानाच्या आधीपासूनही घेता येतो. लंडनमध्ये १९६७ साली सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी 'एकूण वेदना' ही कल्पना मांडली. शरीर, मन, घर-पैसा आणि श्रद्धा या चारही बाजूंनी माणूस दुखत असतो, म्हणून चारही बाजूंनी पाहायचं. आपल्या देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला उभं राहिलं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून आहे. केरळमध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कालिकतला सुरू केलेलं काम तर जगभरातले लोक पाहायला येतात. केंद्र सरकारचा पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रमही २०१२ पासून आहे, त्यामुळे जिल्हा रुग्णालयात ही सोय आहे का, हे जरूर विचारा.

घड्याळाप्रमाणे औषध का?

१९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनांसाठी तीन पायऱ्यांची पद्धत सांगितली. पहिली पायरी पॅरासिटामोल किंवा सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांची. दुसरी, सौम्य अफूजन्य औषधांची. तिसरी मॉर्फिनसारख्या औषधांची. आता पहिल्या पायरीपासूनच चढलं पाहिजे असा आग्रह राहिलेला नाही. दुखणं तीव्र असेल तर डॉक्टर थेट तिसऱ्या पायरीचं औषध कमी मात्रेत सुरू करतात. पण त्यातलं एक तत्त्व आजही तितकंच पक्कं आहे : सततच्या दुखण्याला औषध घड्याळाप्रमाणे द्यायचं.

दूध उतू जाण्याआधी गॅस बारीक केला तर सोपं असतं. उतू गेल्यावर शेगडी, ओटा सगळंच आवरावं लागतं. दुखणं सोळा आण्यांवर पोचल्यावर घेतलेली गोळी ते खाली आणायला जास्त वेळ घेते, आणि तोवर रुग्णाचा धीर सुटलेला असतो. म्हणून 'दुखेल तेव्हा' ऐवजी 'दर अमुक तासांनी', आणि मधेच उसळलं तर जादा डोस. दोन्ही गोष्टी चिठ्ठीवर लिहून घ्या.

इथे एक सावधगिरी. डॉक्टरांना न विचारता मेडिकलमधून गोळ्या आणून वाढवू नका. अनेक संयुक्त गोळ्यांत पॅरासिटामोल असतंच. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या घेतल्या की त्याची मात्रा नकळत दुप्पट होते आणि यकृताला धोका पोचतो. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्या किडनीला आणि जठराला त्रास देऊ शकतात. आणि हाडात गाठीची शंका असेल तर चोळणं, ओढणं, हाडवैद्याकडे 'बसवून घेणं' अजिबात नको. पोखरलेलं हाड त्याने मोडू शकतं. आमच्या इथल्या अस्थितज्ज्ञांनी एमआरआय पाहून डाव्या पायावर भार टाकू नका, वॉकर घ्या असं सांगितलं. त्या साध्या सूचनेनेही दुखणं थोडं कमी झालं.

मॉर्फिनचं नाव निघालं की

पुण्याच्या डॉक्टरांनी पाऊण तास तिच्याशी गप्पा मारल्या. माझ्याशी पाच मिनिटं बोलल्या. मग तोंडाने घ्यायचं मॉर्फिन कमी मात्रेत दर चार तासांनी, सोबत पॅरासिटामोल, नसेच्या दुखण्यासाठी रात्री एक गोळी आणि पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध असं लिहून दिलं. घरी आल्यावर नातेवाइकांचे फोन सुरू झाले. "मॉर्फिन? एवढ्यातच? सवय लागेल. ते तर शेवटचं औषध."

या शंका प्रामाणिक असतात, म्हणून एकेक पाहू.

*ते शेवटचं औषध आहे का?* नाही. मॉर्फिन आजार कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहून देत नाहीत. दुखणं किती आहे ते पाहून देतात. दुखण्याचं कारण दूर झालं की ते हळूहळू कमी करून बंद करता येतं.

*व्यसन लागेल का?* अनेक आठवडे घेतल्यावर शरीर औषधाला सरावतं, म्हणून ते अचानक थांबवू नये, टप्प्याटप्प्याने उतरवावं. व्यसन ही वेगळी गोष्ट आहे. कर्करोगाच्या वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्यावर ते क्वचित दिसतं. आधी दारूचं किंवा इतर व्यसन असेल तर मात्र ते न लपवता सांगा, म्हणजे तशी काळजी घेता येते.

*श्वास थांबेल का?* कमी मात्रेपासून सुरू करून हळूहळू वाढवलं तर हा धोका फार कमी असतो. धोका वाढतो तो मात्रा मनाने वाढवल्यावर, किडनी कमजोर असताना किंवा झोपेच्या गोळ्या आणि दारू सोबत घेतल्यावर.

*त्रास कोणता होतो?* बद्धकोष्ठता जवळपास सगळ्यांना होते आणि ती औषध चालू असेपर्यंत राहते, म्हणून पोट साफ होण्याचं औषध चुकवायचं नाही. पहिले काही दिवस मळमळ आणि गुंगी येऊ शकते. ती बहुतेकांची ओसरते.

*मेडिकलमध्ये का मिळत नाही?* १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे मॉर्फिन ठेवायला इतके परवाने लागत की बहुतेक रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडून दिलं. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, आणि तरी आपल्याच रुग्णांना औषध मिळत नव्हतं. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. आता मॉर्फिनसह सहा औषधांना 'अत्यावश्यक' दर्जा आहे आणि राज्याच्या औषध नियंत्रकांची मान्यता घेतलेल्या वैद्यकीय संस्था ती ठेवू शकतात. म्हणून चौकशी करताना "तुमच्याकडे मॉर्फिन देण्याची मान्यता आहे का?" असं थेट विचारा. त्याने चार चकरा वाचतात.

औषध घरी आलं की कुलपात ठेवा, वेळा वहीत लिहा, दुसऱ्या कुणालाही देऊ नका आणि उरलं तर त्या संस्थेला परत करा.

वेदना दाबली तर निदान चुकेल का?

हाही नेहमीचा प्रश्न. हाडातला डाग एमआरआयमध्ये दिसतो, बायोप्सीत त्याची जात कळते. रुग्ण कण्हत असला काय आणि शांत असला काय, रिपोर्ट तोच येतो. उलट तीव्र दुखणाऱ्या माणसाला स्कॅनच्या टेबलावर वीस-तीस मिनिटं हलल्याशिवाय झोपता येत नाही आणि तपासणीच अर्धवट राहते. पोटदुखीच्या तातडीच्या रुग्णांतही डॉक्टरांनी तपासून दिलेल्या वेदनाशामकामुळे निदान चुकण्याचं प्रमाण वाढत नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. फक्त काय दिलं आणि कधी दिलं ते तज्ज्ञांना सांगा.

या लक्षणांत तारखेची वाट पाहू नका

वेदना शमली तरी डोळे उघडे ठेवायचे असतात. खालीलपैकी काही दिसलं तर तारीख विसरा आणि त्याच दिवशी, गरज पडल्यास रात्रीच, रुग्णालय गाठा :

- पाय लुळे पडणं, चालताना गुडघ्यातून जाणं, बसायची जागा बधिर होणं, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं. मणक्यातली मज्जारज्जू दबत असल्याची ही खूण असू शकते. इथे काही तासांच्या उशिरानेही पाय कायमचे जाऊ शकतात.
- किरकोळ धक्क्यानंतर अचानक असह्य दुखणं आणि पायावर भार न पेलणं. हाड मोडलेलं असू शकतं.
- खूप तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठता आणि असंबद्ध बोलणं. रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असू शकतं.
- केमोथेरपी चालू असताना ताप.
- हाक मारूनही नीट जागं न होणं, श्वास फार संथ होणं.

दुखणं कॅन्सरचं नसेल तर?

सायटिका, गुडघ्याचं प्रत्यारोपण, पित्ताशयातले खडे यांच्या तारखाही लांबच्या असतात. कागद, आकडा, शब्द आणि 'तोवर कोण पाहणार?' हा प्रश्न तिथेही तितकाच कामाचा आहे. औषधं मात्र वेगळी. कंबर-गुडघ्याच्या जुनाट दुखण्यात अफूजन्य औषधांचा फायदा कमी आणि तोटे जास्त असतात. तिथे योग्य गोळ्या, व्यायाम, फिजिओथेरपी, काही वेळा इंजेक्शन यांवर भर असतो. म्हणून शेजाऱ्याच्या अनुभवावरून औषध मागू नका. आराम मागा, औषध डॉक्टरांना ठरवू द्या.

जोडीदारासाठी

मॉर्फिन सुरू झाल्यावर तिसऱ्या रात्री ती पलंगावर आडवी झाली आणि सलग पाच तास झोपली. दुखणं पूर्ण गेलं नव्हतं. आठवरून तीनवर आलं होतं. पण तिने रात्री पाणी प्यायला सुरुवात केली, सकाळी केस विंचरायला आरसा मागितला आणि जानेवारीत मुंबईचा सहा तासांचा प्रवास आडवं पडून का होईना, केला. तज्ज्ञांसमोर ती स्वतः बोलली. बायोप्सी कशासाठी, रेडिएशनने काय होईल, हे तिने विचारलं आणि उपचाराचा निर्णयही तिनेच घेतला. वेदनेने पिळवटलेल्या माणसाकडून असे निर्णय घेणं होत नाही. त्याला फक्त हे सगळं लवकर संपावं असं वाटत असतं.

निदान जे वाटलं होतं तेच निघालं. हाडांना रेडिएशन दिलं. त्याचा वेदनेवरचा परिणाम दिसायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, तोवर मॉर्फिनने साथ दिली. मग मात्रा कमी करत नेली आणि होळीच्या सुमारास ते बंद झालं. आजार गेलेला नाही. रोजची गोळी आहे, हाडांसाठी इंजेक्शनं आहेत, दर तीन महिन्यांची तपासणी आहे. पुन्हा दुखलं तर पुन्हा औषध घेता येईल, हे आता आम्हा दोघांना माहीत आहे.

आणि चेहऱ्याबद्दल. तिने दुखणं सांगितलं की माझा चेहरा अजूनही उतरतो. त्यावर औषध नाही. पण आमच्यात एक ठरलं आहे. तिने आकडा सांगायचा आणि मी तो आधी वहीत लिहायचा. हातात काम असलं की घाबरायला जरा कमी वेळ मिळतो. तुमच्या घरी कुणी दुखणं घेऊन तारखेची वाट पाहत असेल, तर आज रात्री एवढंच करा : शेजारी बसा, आकडा विचारा, लिहा. उद्या सकाळी तो कागद घेऊन फोन लावा.

काळजी घ्या.